मामांचे कान

कवळ्या बनवणाऱ्या त्या जागेला कारखाना म्हणायचं ते निव्वळ मान राखायला. दुसऱ्या मजल्यावरची एक लांबच लांब खोली. दाराशी प्लास्टरचे साचे ओतायचे, मधल्या टेबलावर मेणात दात मांडायचे, आणि पार टोकाला खिडकीपाशी पॉलिशचं चाक. एकूण सहा-सात माणसं, सगळ्यांच्या तोंडाला फडकी, आणि सगळ्यांच्या भुवयांवर पांढरी भुकटी.

मधल्या टेबलावर धाकटी बसायची. नवरा गेल्यावर ती थोरल्या बहिणीच्या घरी राहायला आली. बहीण तिला हाक मारायची तेच नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उचललं आणि तिथून कामावरही येऊन पोचलं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला सगळे धाकटी म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे, उलट हसू यायचं.

हसू यायचं नाही ते साहेबाच्या बोलण्याचं. साहेब ओरडणारा माणूस नव्हता. ओरडला असता तर परवडला असता. तो हसत हसत बोलायचा, तोंडाला फडकं न लावता, शेजारी उभा राहून, एखादी आनंदाची बातमी द्यावी तसा.

“काय हो, दात बसवताय की पेरताय? उगवायची वाट बघताय का?”

आजूबाजूचे हसायचे. धाकटीही हसायची. हसण्यावारी नेलं की संपतं, असं तिला वाटायचं. पण संपत नव्हतं. एक दिवस तो म्हणाला, “नवऱ्यालाही असंच ताटकळत ठेवलं असेल यांनी. कंटाळून गेला बिचारा.” त्या दिवशी तिच्या हातातली गरम सुरी मेणात तशीच रुतून राहिली.

घरी आली ती थेट ताईच्या शिलाई मशीनशेजारी जमिनीवर बसली. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि मशीन थांबवलं.

“उद्या बोलायचं. रडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. कामाचं असेल ते बोला, माझ्या घरचं काढू नका. एवढंच म्हणायचं. चल, मी साहेब होते, तू बोल.”

ताईनं साहेबाचं सोंग इतकं वाईट वठवलं, की दोघी पोट धरून हसल्या. पण वाक्य मात्र धाकटीच्या तोंडात बसलं. दुसऱ्या दिवशी साहेब टेबलाशी आला तेव्हा तिनं ते जसंच्या तसं म्हटलं. आवाज थोडा कापला, पण वाक्य पुरं झालं.

साहेब म्हणाला, “अरे बापरे, बाईंना राग येतो होय!” आणि पुढं गेला. त्यानंतर त्यानं तिला एका शब्दानं छेडलं नाही. धाकटीला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली. “बघ,” ताई म्हणाली, “सुतासारखा सरळ आला.”

तो सरळ आला नव्हता. तो टेबलाला वळसा घालून खिडकीकडे गेला होता.

खिडकीपाशी सगळ्यांचे मामा बसायचे, तिथले सर्वांत म्हातारे कारागीर. पॉलिशच्या चाकानं त्यांचे कान केव्हाच खाल्ले होते. काही सांगायचं तर खांद्याला हात लावून खुणेनं सांगावं लागे. साहेब आता रोज त्यांच्यासमोर जाऊन उभा राहू लागला, आणि चेहरा प्रेमळ ठेवून म्हणू लागला, “काय मामा, कधी मरताय? जागा अडवून बसलायत फुकट.”

मामा मान डोलवायचे. “हो हो, साहेब. छान, छान.”

सगळे फडक्याआड फिदीफिदी हसायचे. प्लास्टरवाला तर साच्यावर डोकं टेकून हसायचा. पहिल्यांदा धाकटीच्याही ओठांनी दगा दिला. मग मात्र ती मान खाली घालून मेण खरवडू लागली. बोलावं का? पण मामांना कळतच नाही, तर कळवून त्यांना दुखवायचं कशाला? ताईला विचारलं, तर ताई म्हणाली, “तुझं तू निस्तरलंस. आता लष्कराच्या भाकऱ्या भाजायला जाऊ नकोस.” धाकटी मूग गिळून बसली, आणि असे बरेच दिवस गेले.

एके दिवशी मामा चष्मा घरी विसरून आले. दुपारी मामी तो घेऊन जिना चढून आल्या. छोट्या चणीच्या बाई, दारात थांबून सगळ्यांना हसून नमस्कार केला आणि खिडकीशी जाऊन मामांच्या हातात चष्मा ठेवला. साहेब तिथंच होता. नेहमीचाच चेहरा करून तो म्हणाला, “ही पण बहिरी का, मामा? असेल तर बरंच आहे. एका घरात दोन भंगार, उचलायला सोपं.”

प्लास्टरवाला हसला आणि मधेच थांबला. कारण मामी बहिऱ्या नव्हत्या. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, काढून कुठं ठेवावं ते न कळल्यासारखं.

धाकटी उठली. खुर्ची मागं पडली. तिनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

“साहेब, त्यांना ऐकू येतं. आणि मामांना येत नाही म्हणून तुम्ही रोज त्यांना जे बोलता, ते आम्हा सगळ्यांना ऐकू येतं. कधी मरताय म्हणून विचारता तुम्ही त्यांना. माफी मागा दोघांची.”

“धाकटे, राहू दे,” मामा म्हणाले.

चाक बंद होतं. धाकटीनं त्यांच्या खांद्याला हात लावला नव्हता, खूण केली नव्हती.

साहेबाच्या ते आधी लक्षात आलं. “म्हणजे? ऐकू येतं की काय तुम्हाला?”

“ऐकू नाही येत,” मामा म्हणाले. “ओठ कळतात.”

“म्हणजे इतके दिवस सगळं कळत होतं? आणि हो हो करत होतात? छान छान म्हणत होतात?” साहेब खो खो हसला. “कमाल आहे! ज्याला बोललो त्याचंच काही म्हणणं नव्हतं, आणि माफी मी मागू?”

या वेळी दुसरं कुणी हसलं नाही. मामांनी कमरेचं फडकं सोडलं, घडी करून चाकावर ठेवलं. मामी त्यांच्याकडे बघत होत्या, आणि ते मामींकडे बघायचं टाळत होते. दोघं जिना उतरून गेले. मामा पुन्हा आले नाहीत.

साहेबानं धाकटीला मेणाच्या टेबलावरून उठवून मोरीशी बसवलं, साचे घासायला. ते काम तिला शिक्षा म्हणून दिलंय हे न सांगताच सगळ्यांना कळलं.

सुट्टीच्या दिवशी ती मामांकडे गेली. मामा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. तिला बघून त्यांनी बसायची खूण केली.

“रागावलायत का माझ्यावर?” तिनं सावकाश, ओठ नीट हलवत विचारलं.

“तू खोटं काही बोलली नाहीस,” मामा म्हणाले. “पण मला विचारायचंस तरी. कळत नाही असं त्याला वाटत होतं, तोवर त्याचं बोलणं वाऱ्यावर जात होतं. माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं असं मला धरून चालता येत होतं. आणि घरी…” ते थांबले. आतल्या दारात मामी उभ्या होत्या. “घरी मी सांगायचो, साहेब रोज जवळ येऊन विचारपूस करतात म्हणून.”

“मामा, मला वाटलं तुम्हाला…” धाकटीनं सुरुवात केली.

मामांनी डोळे मिटून घेतले.

ती बोलतच होती. मग तिला कळलं, की आता आपण काहीही म्हटलं तरी या माणसापर्यंत पोचायला वाटच नाही. ती उठली. मामांनी डोळे उघडले नाहीत.

मामी तिला खाली सोडायला आल्या. “माझ्याशीही असंच,” त्या म्हणाल्या. “मी तोंड उघडलं की हे डोळे मिटतात. लहान पोरासारखे.”

“माझंच चुकलं, मामी.”

“तू बोलली नसतीस, तर ते सगळं एकटीनं पोटात घेऊन मी कारखान्याचा तो जिना उतरले असते. यांना एका शब्दानं कळू दिलं नसतं. ते मला फसवत राहिले असते, मी त्यांना.” मामींनी पदरानं तोंड पुसलं. “ते बरं होतं की हे बरं, मला नाही सांगता येत, बाई. तू येत जा मात्र.”

“डोळे उघडतील ना?”

मामींनी वरच्या खिडकीकडे पाहिलं. “ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा जिना चढू लागल्या.