एकही बटण लागता कामा नये

लेकाची एक खोड म्हातारीला मुळीच खपत नसे. सिनेमा बघायला बोलवायचा आणि स्वतः पडद्याकडे न बघता आईच्या हातांकडे टक लावून बसायचा.

त्याला कारण होतं. म्हातारीचा उभा जन्म शिवणकामात गेलेला. हात रिकामे ठेवणं तिला ठाऊकच नाही. स्टुडिओतल्या त्या छोट्या खोलीतही ती मांडीवर शर्ट नि बटणांची डबी घेऊन बसे. सिनेमा अंगावर आला की सुई थांबायची. लेक निर्माता, आणि त्याचे सिनेमे असे काळेकुट्ट की बघणाऱ्याची झोप उडावी. मागच्या वेळी दोन तासांत एकही बटण लागलं नव्हतं. तो सिनेमा वर्षभर चालला.

"वहिनी, तुमच्या लेकाला काही चांगलं सुचत नाही का हो?" नणंद एकदा म्हणाली होती.

"चांगलं तुमच्याकडे सुचू द्या, वन्सं. माझ्याला खरं सुचतं."

आज सोबत वितरक होता. पडद्यावर एक बाई हरवलेल्या मुलीसाठी रोज ताट वाढायची आणि रिकाम्या खुर्चीशी बोलत बसायची. सुई केव्हाच थांबली होती. शेवटी दार वाजलं. बाई उठली. म्हातारीनं श्वास रोखला.

दारात मुलगी. हसरी, धडधाकट. मागून गोड गोड संगीत.

सुई चालू झाली.

दिवे लागले. वितरक डोळे पुसत म्हणाला, "मावशी, छान झालं ना शेवटी?"

"छान झालं," म्हातारीनं दातानं दोरा तोडला. "बटण लागलं."

लेकाचा चेहरा उतरला. वितरक चहाला बाहेर गेला तसा तो पुटपुटला, "आधी दारात कुणीच नव्हतं, आई. पण मुलगी परत आली तरच हे वितरक सिनेमा घेणार. नाहीतर पडून राहील."

"आणि तू मान डोलावलीस."

"मग काय करू?"

म्हातारीनं कात्री उचलली आणि नुकतं लावलेलं बटण कचकन उडवलं.

"ऐक. बाकीची पोरं अंधाराला भिऊन माझ्या कुशीत शिरायची. तू एकटा दार लावून आत बसायचास, नि बाहेर येऊन काय दिसलं ते सांगायचास. तेव्हाच मी गल्लीभर सांगत सुटले होते, हे पोर वेगळं आहे म्हणून. आता मला खोटं पाडू नकोस. ती मुलगी दारातून काढ. यानं नाही घेतला तर दुसरा कुणी घेईल. गोड बोलून माणसं घरी पाठवणारे पुष्कळ पडलेत. माझे हात थांबवणारा माझा तू एकटाच आहेस."