फोटोसाठी उतरवलेलं काळं

नोफेझिलेची म्हातारपणाची पेन्शन सरकारनं थांबवली, हे तिला दुकानाच्या गल्ल्यावर कळलं. कार्ड मशीनला लावून पोरगी म्हणाली, "आजी, यात काहीच नाही." पीठ, साखर, तेल तिथंच सोडून ती चालत माझ्याकडे आली. आत आली नाही, कुंपणाबाहेर उभी राहिली.

दक्षिण आफ्रिकेतल्या म्बाशे नदीच्या अलीकडच्या आमच्या वस्तीत नवरा मेलेल्या बाईनं वर्षभर अंगावर काळं, डोक्यावर काळं घालायचं. कुणाच्या घरात जायचं नाही, कुणाशी हात मिळवायचा नाही. बायको मेली तर नवऱ्याला दंडावर बोटभर काळी पट्टी पुरते. हे नियम बायकांनी केलेले नाहीत. नोफेझिलेला काळ्यात चार महिने झाले होते.

मी सरकारी नंबर लावला. पलीकडचा म्हणाला, "तपासणीसाठी थांबवलंय. महिन्यापूर्वीच कळवलं होतं. त्यांनी स्वतः यायचं, अंगठा आणि फोटो द्यायचा. शुक्रवारपर्यंत. नाहीतर कायमचं बंद."

तो बुधवार होता.

तिचा थोरला दीर डुमालिसिले अंगणात पाईप ओढत बसला होता. "शोकातली बाई रांगेत उभी राहत नाही," तो म्हणाला. "वर्ष भरलं की जाईल."

"तोवर खाईल काय, ताता?"

"आमच्या घरची बाई आम्ही उपाशी ठेवू?"

चार महिन्यांत त्यानं तिला मक्याचं एक कणीस पाठवलेलं नव्हतं. मी तसं तोंडावर म्हणाले.

"वुयोकाझी," तो हसत म्हणाला, "तुझा नवरा का पळाला ते आता कळलं."

शुक्रवारी सकाळी मी तिला घेऊन निघाले. पंधरा माणसांच्या टॅक्सीत तिला अगदी मागचं बाक, शेजारी कुणी बसेना. ऑफिसात पन्नास माणसांची रांग होती. काळं दिसताच रांग दोन्ही बाजूंना सरकली.

"बघ माभेले," मी तिला माहेरच्या कुळाच्या नावानं हाक मारत म्हटलं, "आजवर कुणी आपल्याला एवढी वाट दिली होती?"

तिनं तोंडावर हात ठेवला. हसत होती बिचारी. शोकात तेही चालत नाही.

खिडकीतली मुलगी आमच्यातलीच. मान वर न करता म्हणाली, "माई, डोक्यावरचं काढावं लागेल. कान दिसले पाहिजेत."

"बाळ, ते मी काढायचं नसतं. वर्ष भरल्यावर सासरची माणसं उतरवतात."

"मला ठाऊक आहे, माई. पण मशीन फोटो घेत नाही."

नोफेझिलेनं माझ्याकडे पाहिलं. काढ, असं मी म्हणाले. काढ म्हणणारी मीच होते, हे मी लपवणार नाही.

तिनं गाठ सोडली. नवरा गेला तेव्हा भादरलेल्या डोक्यावर बोटभर पांढरे केस उगवले होते. बाकांवरच्या बायकांनी तोंडं फिरवली. कोपऱ्यातल्या एका माणसानं फिरवलं नाही. त्याच्या हातात मोबाईल होता, आणि तो आमच्याकडे धरलेला होता.

"झालं," मुलगी म्हणाली. "आता फोन नंबर सांगा. राहता पत्ता खरा आहे का, ते विचारायला आजच फोन येईल. हो म्हणाले की पुढच्या महिन्यापासून पैसे सुरू."

नोफेझिलेनं नंबर घडाघडा सांगितला. मला केवढं कौतुक वाटलं तिचं!

परतताना, अर्धा रस्ता गेल्यावर मला सुचलं. "तुझ्याकडे तर फोनच नाही. नंबर कुणाचा दिलास?"

"यांचा. तेवढाच पाठ आहे. पहिल्यापासून कागदावर तोच आहे."

"आणि तो फोन आता कुणाकडे आहे?"

मेलेल्याच्या वस्तू थोरला भाऊ वाटतो, आणि फोन डुमालिसिलेनं स्वतःलाच वाटला होता. म्हणजे तपासणीचा निरोपही त्याच फोनवर आला असणार. महिनाभर तो पाईप ओढत बसला होता, आणि त्याला सगळं माहीत होतं.

"ड्रायव्हर, जरा लवकर," मी म्हटलं. लवकर जाऊन काय करणार होते, देव जाणे.

तिच्या गोधड्या, पातेली, दोन कोंबड्यांची टोपली फाटकाबाहेर गवतावर मांडलेली होती. घराच्या दाराला नवं कुलूप. डुमालिसिले फाटकात उभा, मागे भावकीतले दोघं. दोघंही तिच्या डोक्याकडे बघत होते. फडकं तिनं परत बांधलं होतं, तरी. मोबाईलमधला फोटो आमच्याआधी पोचला असणार.

"फोन आला होता," डुमालिसिले म्हणाला. "सरकारी पोरगी. अदबीनं बोलली हो. विचारत होती, नोफेझिले इथंच राहते का."

"तुम्ही काय सांगितलं, भाऊजी?" नोफेझिलेनं विचारलं. तेव्हासुद्धा तिची मान खाली होती.

"मी सरकारशी खोटं कशाला बोलू? राहत नाही, म्हणालो."