बेन-वे-नू-ता

जानकाबाईनं भाकरीवर चौथी थाप मारली आणि कल्याणी ओरडली, "आई, परत चुकलं! जोर 'नू'वर द्यायचा, 'ता'वर नाय."

"आगं, भाकर फाटंल की! ह्यो शबूद हाय का धोंडा?"

"पुन्हा म्हण. बेन, वे, नू, ता. तिसरी थाप जोरात, बाकीच्या हलक्या."

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला असलेला जानकाबाईचा थोरला लेक राजरत्न ट्रेनिंगला म्हणून इटलीला गेला आणि तिथलीच पोरगी पसंत करून बसला. पोरगीही राजी. पण तिची आई म्हणाली, एकुलती एक लेक द्यायची, तर आधी घर बघते. झालं! घर ते केवढं, दोन खोल्या आणि वर पत्रा. रंग दिला, पण रंगानं काय काय झाकणार? मग जानकाबाईनं हट्टच धरला, विहिणीला उंबऱ्यावर तिच्याच भाषेत 'या' म्हणायचं. कॉलेजातल्या कल्याणीनं पुस्तक आणून शब्दाचे तुकडे पाडले. जोर कुठं द्यायचा ते आईच्या जिभेला बसेना, तेव्हा हाताला बसवलं. शेजारची साळुबाई म्हणालीच, "जानके, तुज्या भाकरी लई बोलाय लागल्या गं!"

आणि नारायणगावहून जीप आली. राजरत्नच्या पाठोपाठ पांढऱ्या केसांची उंच बाई उतरली. जानकाबाईनं तोंड उघडलं, पण शब्द कुठं पळाला कोण जाणे.

पाहुणीचेही ओठ नुसते हलत होते आणि हात पर्सवर हळूहळू थापा मारत होता.

"जय भीम," ती म्हणाली. दम घेतला. "वि-हीण-बा-ई!"

'बा'वर असा दणका, की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

"कल्याणीनं फोनवर थापांची युक्ती सांगितली व्हती," राजरत्न हसत म्हणाला. "मग यांनापण तसंच शिकवलं. तेव्हापासून टेबल बडवतायत."

म्हणजे हीसुद्धा भ्यालीच होती की! जानकाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि हात आपोआप वर आले.

"बेन-वे-नू-ता!"

घर बघायचं राहूनच गेलं. विहीणबाई बाह्या सारून थेट चुलीपुढं बसल्या आणि पिठाचा गोळा मागून घेतला. भाकरी तव्यावर टाकताना फाटली, तसा त्यांचा चेहरा पडला.

"आसू द्या," जानकाबाई म्हणाली. "पयली कुनाची फाटत न्हाई?"

राजरत्ननं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. त्या हसल्या, हळू आवाजात काहीतरी बोलल्या, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

"काय म्हनल्या रं?"

"म्हणतायत, माझ्या लेकीलापण शिकवा."