अध्यक्षांची दुसरी पाळी

बजाजनगरातले सुदर्शनराव कंपनीच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झाले आणि घरात भाकरीचा घेर तपासू लागले. त्यांच्या पत्नी आशाबाई शेजारच्या कामगार बायांची लेकरं दिवसा सांभाळायच्या. नवऱ्याच्या डोक्याला काम हवं म्हणून त्यांनीच सुचवलं, की याची रीतसर संस्था करा. सुदर्शनरावांनी धावपळ करून नोंदणी केली आणि स्वतः अध्यक्ष झाले.

वर्षभरात खोली लेकरांनी भरून गेली. दुसऱ्या पाळीच्या बायाही विचारायला येऊ लागल्या, पण आशाबाईंना हात दोनच. अशात सुदर्शनरावांना कळलं, की उस्मानपुऱ्यातलं एक फाउंडेशन शहरातल्या लहान संस्थांना अनुदान देतं. ते अर्ज लिहायला बसले. आशाबाईंना हवी होती एक मदतनीस. ती अर्जात आली, पण तिच्या आधी बालविकास संशोधन कक्ष आला, प्रोजेक्टर आला, अध्यक्षांसाठी फिरती खुर्चीही आली. आशाबाईंनी वाचून विचारलं, की यात लेकरं कुठं आहेत. लाभार्थी म्हणजे तीच, असं त्यांना समजावण्यात आलं.

फाउंडेशनच्या करुणाताई पाहणीला येणार असा निरोप आला. सुदर्शनरावांनी पुतण्याचा लॅपटॉप आणला, लेकरांकडून स्वागतगीत घोटून घेतलं. पण सकाळी येणाऱ्या करुणाताई वाळूजच्या रस्त्यावर कोंडीत अडकल्या आणि पोचल्या भर दुपारी, नेमकी लेकरं झोपल्यावर.

आशाबाईंनी दारातच ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या खांद्यावर राजनंदिनी नावाची वर्षाची पोर कुरकुरत होती आणि आत कुकर उतरवायचा होता. त्यांनी पोर सरळ पाहुणीच्या मांडीवर दिली. पोरीनं करुणाताईंची ओढणी मुठीत धरली आणि डोळे मिटले. आता करुणाताईंना हलायची सोय राहिली नाही.

सुदर्शनरावांनी लॅपटॉप उघडून घसा खाकरला. आतून आशाबाईंनी नुसतं पाहिलं. मग सुदर्शनरावांनी कुजबुजत सुरुवात केली, पण ‘सर्वसमावेशक क्षमतावर्धन’ काही कुजबुजता येईना. दोनदा अडखळून त्यांनी लॅपटॉप मिटला.

करुणाताईंनीच हळू आवाजात विचारलं, की ही पोर कुणाची. सुदर्शनराव सांगू लागले. तिची आई कारखान्यात वायरिंग जोडते. आधी हिला मोठी बहीण सांभाळायची, म्हणून बहिणीची शाळा बंद झाली होती. आता ती शाळेत जाते. शाळा सुटली की आधी इथं येऊन धाकटीला बघते, मग अध्यक्षांकडून पाढे तपासून घेते. परवा तिचा चौदाचा पाढा एका दमात झाला, हे सांगताना सुदर्शनराव कुजबुजायचं विसरले.

“हे अर्जात का नाही लिहिलंत?” करुणाताईंनी विचारलं.

“हे काय लिहायचं, मॅडम? हे तर रोजचंच आहे.”

“मी म्हणलंच व्हतं, लेकरं लिहा म्हणून,” आशाबाई चहा ठेवत म्हणाल्या.

करुणाताईंनी अर्ज पुन्हा लिहून मागितला, एका पानात. या वेळी आशाबाई सांगत गेल्या आणि सुदर्शनराव लिहीत गेले. एक अवघड शब्द मध्ये घुसवायचा त्यांनी प्रयत्न केला, तो तिथल्या तिथं खोडला गेला.

महिन्याभरानं अनुदान मंजूर झालं, मदतनीस आणि दुसऱ्या पाळीसाठी. खुर्चीचा कुणी विषयही काढला नाही. सुदर्शनराव दिवसभर फुगून बसले, मग स्वतःच मदतनीस शोधायला निघाले. कन्नड तालुक्यातली दिपाली तयार झाली, पण दिवाळीनंतर येते म्हणाली. दुसरी पाळी तर लगेच सुरू करायची होती. तोवर ती पाळी अध्यक्षांच्या गळ्यात पडली.

पहिल्याच संध्याकाळी कृष्णा नावाच्या पोरानं असं भोकाड पसरलं, की खांद्यावर घेऊन चालल्याशिवाय ते थांबेना. सुदर्शनरावांनी गल्लीत येरझाऱ्या सुरू केल्या. शेजाऱ्यांनी विचारलं तर निरीक्षण चालू आहे म्हणाले.

दिवाळीनंतर दिपाली आली, कामात तरबेज निघाली. पण कृष्णा तिच्याकडं जाईना, सुदर्शनरावांकडंच हात पसरायचा. ती बिचारी ओशाळली.

“असू दे गं,” आशाबाई म्हणाल्या. “त्यांना तेवढं एक काम लई छान जमतं.”

सुदर्शनरावांनी ते ऐकलं, पण पोरगं नुकतंच डोळे मिटत होतं, म्हणून उत्तर नंतरवर ठेवून ते गल्लीत आणखी एक फेरी मारायला निघाले.