झेंडूसोबत विकलेले झाकण

मी चावीचे एक जुने मनगटी घड्याळ आहे, मित्रांनो, आणि माझ्या चेहऱ्यावर नाव दिसत नाही म्हणून मला कोणी ऐरेगैरे समजू नये. माझ्या पोटातले चाक न् चाक अस्सल आहे. सकाळी चावी द्या, दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्याकडे बघायला नको!

कारखान्यात डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बायांनी मला जोडले. पुढे लग्नात सासऱ्यांनी मला भातकुलीच्या सूर्यभानजींच्या मनगटावर बांधले. ते झेंडू पिकवत. फुलांची तोडणी, अमरावतीच्या बाजाराची गाडी, सगळे माझ्या इशाऱ्यावर चाले. म्हणून दसऱ्याला त्यांच्या पत्नी गोदाबाई विळा-तराजूसोबत मलाही पाटावर मांडायच्या, हळदकुंकू वाहून पाणी शिंपडायच्या. लाडच ते, पण मला बाधले. एका दसऱ्याला काचेच्या फटीतून कुंकवाचे पाणी आत शिरले आणि डायलवरचे माझे नाव पुसले गेले.

मला वाळवायला सूर्यभानजींनी बाजारात बसल्याबसल्या विळ्याच्या टोकाने माझे मागचे झाकण उघडले आणि ते फुलांच्या ढिगावर ठेवले. सणाचा दिवस, गिऱ्हाइकांची झुंबड. झाकण झेंडूसोबत विकले गेले! मग घड्याळवाल्याने भलत्याच घड्याळाचे झाकण मला बसवले. मला संताप आला, पण मी चालत राहिले.

सूर्यभानजी गेले आणि मी डब्यात बंद पडले. यंदा त्यांची नात पौर्णिमा मला अकोल्याच्या जुन्या शहरात ललितच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. माझ्या झुलत्या चाकाचा दांडा मोडला होता. आठवड्याने ती परत आली, तेव्हा गोदाबाईही हट्टाने सोबत आल्या.

"नंबर पाहून पार्ट आनला, पन तो बसून नाही राहिला," ललित म्हणाला. "मॉडेलच समजत नाही. जुनी मशीन काढून सेलची टाकून देतो."

मी हादरले. माझे सारे पोट भंगारात जाणार होते!

"मंग तो आवाज नाही येनार," गोदाबाई म्हणाल्या. "उशाशी तोच आयकत झोपली मी सारी जिंदगी. कोन्त्या नंबरावरून आनला पार्ट?"

"मागच्या झाकनावरच्या."

"अवो बाप्पा! ते झाकन याचं नोय. याचं झाकन तं इच्या आबाजीनं झेंडूसंग इकून टाकलं!"

दुकानात हशा पिकला. पौर्णिमाला मात्र वाट सापडली. "मंग झाकन सोडा, दादा. आत मशीनवर काही लिहिलं असन ना?"

ललितने भिंग लावले. झुलत्या चाकाखाली बारीक आकडा होता. दोघांनी तो आकडा, माझे काटे, चावीची जागा, सगळे मोबाइलमधल्या फोटोंशी ताडून पाहिले आणि पौर्णिमा ओरडली, "मयूर! हे मयूर मॉडेल हाय!" मला ते ठाऊकच होते, पण दुसऱ्याच्या तोंडून आपले नाव ऐकण्याचा आनंद काही और असतो. ललितच्या खोक्यात एक मोडका मयूर निघाला. त्याचा दांडा मला चपखल बसला.

गोदाबाईंनी मला कानाशी धरले. घड्याळातली वेळ त्यांना कधीच कळली नाही. डोळे मिटून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"हायेत," त्या पुटपुटल्या. "इथंच हायेत."

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूचे पोट बदलण्याआधी तिला ओळखणाऱ्या माणसाला विचारा. मी डब्यात वाट पाहू शकते. माणसांना तेवढा वेळ नसतो.