खिशातले फ्यूज

खिशात हात घातला तर दोन बिल्ले निघाले. पत्र्याचे, टँकरच्या पाण्याच्या नंबराचे. एकसष्ट आणि बासष्ट. आकडे मीच रंगवलेले.

समोर इंजिन धक धक चालू होतं. रस्त्यावरून कुणीतरी ओरडत गेलं होतं की व्यंकटी लाइनमन पोलवरून पडला. ते ऐकून मी पहिल्यांदा काय केलं, तर खिशात हात घातला. खिशात फ्यूज असायला पाहिजे होते.

भिंतीकडं बघितलं. मेनस्विचच्या पेटीत दोन्ही फ्यूज जागच्या जागी बसलेले. पांढरे, चिनी मातीचे. शांत.

डिझेल तोडलं. पण ह्या जुन्या इंजिनाची दोन्ही चाकं जड असतात, डिझेल तोडलं तरी फिरत राहतात. बाबासाहेबांच्या फोटोवरचा बल्ब पिवळा झाला, लाल झाला, विझेना. मी उभा. चाक फिरतंय तोवर करंट जातोय, एवढंच डोक्यात. मग भानावर आलो आणि दोन्ही फ्यूज उपसून खिशात टाकले. आता टाकून काय.

मग मी पोलकडं पळालो. खरं सांगतो, पळताना व्यंकटीचा विचार कमी आणि स्वतःचा जास्त होता.

मी नरसिंग, पेंटर. अहमदपुरात सगळे पेंटरच म्हणतात. शाळा नववीत सुटली, अक्षर चांगलं होतं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मला काम मिळालं ते पुढं चारपाच वर्षं पुरलं. तालुक्यातल्या प्रत्येक पाटीवर 'जि. उस्मानाबाद' होतं, ते खोडून 'जि. लातूर' करायचं. शाळा, दवाखाने, सोसायट्या. लाइटच्या ऑफिसचं कामही मिळालं. पोलवर लावायच्या धोक्याच्या पाट्या, लाल कवटी आणि दोन हाडं. तिथंच व्यंकटीभाऊची ओळख. तो मला कवटीचे दात मोजून दाखवायचा. म्हणायचा, पेंटर, तुझी कवटी हासून राहिली, हिला बघून कोन भिईल.

इंजिनाचा नाद मला सिद्रामप्पानं लावला. तो एस.टी. डेपोत मेकॅनिक. त्याच्या शेतातली विहीर दुष्काळात पार तळाला गेली, उपसायला काही राहिलं नाही, तर तिच्यावरचं इंजिन गंजायला लागलं. एका सिलेंडरचं, हँडल मारून चालू करायचं, सावकाश चालणारं. आम्ही दोघांनी ते बैलगाडीवर घालून माझ्या घरामागं आणलं, पट्टा लावून त्याला डायनामो जोडला. सगळं पुस्तक न बघता, चुकत चुकत. ज्या दिवशी पहिला बल्ब लागला त्या दिवशी सिद्रामप्पा रडला आणि म्हणाला डोळ्यात धूर गेला.

गल्लीतल्या बायका बोलायच्या. इंजिन थंड ठेवायला पाण्याचं पिंप लागतं. तेच पाणी फिरून फिरून वापरतो, हे सांगून पटत नव्हतं. नळाला पाणी येऊन महिना झालेला. भामाबाई तर तोंडावर म्हणायची, मानसाला प्यायला न्हाई आन् ह्याच्या मशिनीला आंघोळ हाय. मी मान खाली घालायचो. पण इंजिन बंद केलं नाही.

नियम व्यंकटीभाऊनं घालून दिला होता. माझ्या मेनस्विचचा दांडा ढिला होता, खाली ओढला तरी आतून चिकटून राहायचा. तो म्हणाला, ह्याचा भरोसा धरू नको. इंजिन लावायच्या आधी दोन्ही फ्यूज उपस आन् खिशात ठेव. घरात ठेवायचे न्हाईत, खिशात. तुझा करंट तुझ्या घरात राहिला पायजे. लाइनवर गेला तर आमच्यातला कुनीतरी जाईल.

वर्षभर मी तसंच केलं. खिशावर थाप मारायची, कडक लागलं की हँडल मारायचं. सवयच झाली.

त्या दिवशी सकाळी मी फ्यूज उपसले होते. नंतर लाइट आली म्हणून परत बसवले. बाराच्या सुमाराला वावटळ उठली आणि लाइट पुन्हा गेली. माझं घर वस्तीच्या टोकाला, शेवटच्या पोलवर. दोन पोल मागं वायरीचा जोड तुटला होता आणि व्यंकटीभाऊ तो बांधायला निघाला होता, पण ते मला माहीत नव्हतं. मी आपला गेलो, खिशावर थाप मारली. कडक लागलं. हँडल मारलं.

नंतर मी पुष्कळांना सांगितलं की उकाडा होता, पंख्यासाठी लावलं. तसं काही नव्हतं. इंजिनाचा आवाज ऐकायला लावलं होतं.

पोलखाली व्यंकटीभाऊ उताणा पडला होता. जमीन भेगाळलेली, दगडासारखी. उजवा हात अंगाखाली असा गेला होता की तो त्याचाच आहे असं वाटत नव्हतं. तोंडातून फेस. श्वास चालू होता. पोलवर माझीच कवटी, हसत होती.

कुणीतरी म्हणालं, सबस्टेशनवरून लाइन सोडली. दुसरा म्हणाला, शेषेरावच आसंल ड्यूटीवर. झोपेत स्विच टाकला आसंल. आणि सगळ्यांचं एकमत झालं. बघता बघता झालं. मी तिथंच उभा होतो, खिशात बिल्ले आणि फ्यूज एकमेकांवर आपटत होते. मी काही बोललो नाही.

जीपमध्ये घालून त्याला लातूरला नेलं.

पुढचे आठ दिवस कसे काढले ते मला सांगता येत नाही. जीपचा आवाज आला की मी मागच्या दारातून बाहेर. दाराची कडी वाजली की मी मोरीत. कामावर गेलो तर 'लातूर'चा 'ला' लिहिताना काना वाकडा यायचा. रंगाचा वास सहन होईना. व्यंकटी मेला तर, हा एक विचार. आणि दुसरा, जास्त वाईट विचार, तो शुद्धीवर आला तर.

पंचशीला, माझी बायको, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली,

"बिल्ले मीच घातले हुते तुमच्या खिशात. इसरताल म्हनून."

म्हणजे तिलाही पहिल्या दिवसापासून कळलं होतं. आम्ही दोघं एका घरात दोन वेगवेगळ्या भीती घेऊन बसलो होतो. मी म्हणालो, तुझी काही चूक नाही. ती म्हणाली, मग कुनाची. आणि तव्यावरची भाकरी करपली.

शेषेरावला घरी बसवलं. लातूरच्या नव्या ऑफिसातून साहेब येऊन चौकशी करणार, तोवर कामावर यायचं नाही. त्याच्या दारावरून जाताना लोक मोठ्यानं बोलायचे. त्याच्या पोरीचं, शिवकन्याचं, जमत आलेलं लग्न थांबलं. व्यंकटीच्या भावकीतल्या कुणीतरी त्याच्या भिंतीवर दगड मारला.

आठव्या दिवशी शेषेराव माझ्याकडं आला. मला वाटलं, संपलं. पण तो पाटी रंगवून घ्यायला आला होता. दारावर नाव लिहून पाहिजे म्हणाला. नवं काही नाही, जुनंच, फिकं झालंय. अशा वेळी माणूस दारावर नाव कशाला लिहून घेतो ते मला कळलं नाही. मग तो बाजेवर बसला आणि बसूनच राहिला. पन्नाशीचा माणूस, दाढी वाढलेली.

"पेंटर, मी स्विच टाकला न्हाई," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मला पक्कं मालूम होतं. आता सगळे म्हनून राहिले, तर मला बी वाटलालं की टाकला आसंल. रोज थोडं थोडं वाटलालं. काल तर मला माझा हात दिसला, स्विचवर."

त्यानं तो हात पुढं धरला आणि उलटासुलटा करून बघितला. जणू दुसऱ्या कुणाचा आहे.

मला आजवर इतकी भीती कशाची वाटली नाही. पोलिसाची नाही, तुरुंगाची नाही. माझी चूक त्या माणसाच्या आत शिरून घर करत होती आणि तो तिला जागा देत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं लातूर गाठलं. पंचशीलानं विचारलं नाही कुठं चाललात. फक्त धुतलेला शर्ट दिला आणि खिसा दोनदा चाचपून बघितला.

व्यंकटीभाऊ भिंतीकडं तोंड करून पडला होता. हात प्लॅस्टरमध्ये, वरून टांगलेला. बोटं काळीनिळी. बाजूला त्याची बायको, सरजाबाई, पंख्यानं वारा घालत होती. मला बघून ती म्हणाली, बसा की भाऊ, आणि पाणी आणायला गेली. मला पाठ केलेलं सगळं बोलायचं होतं. त्याऐवजी मी खिशातून दोन बिल्ले काढून त्याच्या चादरीवर ठेवले.

त्यानं बिल्ल्यांकडं बघितलं.

"हे वाजले का खिशात," तो म्हणाला.

मी होय अशी मान हलवली.

"वर चढलो तवा तुझं इंजिन ऐकू येत होतं," तो म्हणाला. आवाज खोल गेलेला. "हात घालायच्या आदी वायरीवर साखळी टाकून करंट हाय का बघायचं असतंय. कमरेलाच होती साखळी. मी म्हनलो, इंजिन चालू हाय, म्हंजी फ्यूज पेंटरच्या खिशात हायेत. आन् हात घातला."

मी खाली बसलो. मला वाटलं होतं त्याला काही माहीत नसेल, किंवा माहीत असेल आणि तो शिव्या देईल. हे मला वाटलं नव्हतं.

मी विचारलं, ऑफिसचे लोक विचारायला आले असतील, त्यांना का नाही सांगितलं.

"आठवत न्हाई म्हनलो. तू येतोस का न्हाई, तेवढंच बघून राहिलो." मग डोळे मिटून म्हणाला, "आठ दिस लागले तुला."

शेषेरावला घरी बसवलंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते मी सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्यावर चिडला. उठायला बघत होता, उठता येईना.

"जा. त्याचं बघ आदी. माझ्याकडं बघू नको," तो म्हणाला, आणि परत भिंतीकडं वळला. सरजाबाई पाणी घेऊन आली. मी चादरीवरचे बिल्ले उचलले, पाणी घेतलं नाही. घेता आलं नाही.

चौकशीला आलेला साहेब तरुण होता, माझ्याच वयाचा. अहमदपूरच्या ऑफिसात टेबलापुढं मी उभा, बाकावर शेषेराव. मी टेबलावर फ्यूज ठेवले, बाजूला बिल्ले ठेवले आणि सगळं सांगितलं. साहेबानं बिल्ले हातात घेऊन वाजवून बघितले. मग फ्यूज वाजवून बघितले. म्हणाला, आवाज तर वेगळा येतो.

मी म्हणालो, हो साहेब. पण मी ऐकलं नाही, नुसती थाप मारली.

शेषेराव दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या हातांकडंच बघत बसला होता. बाहेर निघताना माझ्या जवळून गेला, थांबला, आणि म्हणाला की पाटीचं राहू दे. तो परत कामावर गेला. माझ्याशी पुन्हा बोलला नाही. शिवकन्याचं लग्न झालं, मला पत्रिका नव्हती. बरोबरच आहे.

माझ्यावर केस झाली. तारखा पडत राहिल्या. घराची लाइट पोलवरूनच कापली. वायर कापायला आलेल्या लाइनमनबरोबर व्यंकटीभाऊ खाली उभा होता. तोवर तो काठी घेऊन चालायला लागला होता. हात वाचला, पण बोटं मिटत नव्हती. ऑफिसात त्याला स्टुलावर बसायचं काम दिलं. वर चढणाऱ्याकडं तो मान वर करून बघत होता. सगळी वायर खाली पडेपर्यंत. मग माझ्याकडं न बघता निघून गेला.

इंजिन जप्तीत गेलं होतं ते वर्षानं सुटून आलं. सिद्रामप्पानं साफ करून दिलं. मी हँडलला हात लावायला दोन महिने घेतले. शेवटी एका रविवारी दुपारी लावायचं ठरवलं. हँडल घालणार तोच मागं काठीचा आवाज आला.

व्यंकटीभाऊ. त्यानं डावा हात पुढं केला.

मला कळायला वेळ लागला. मग मी पेटीकडं गेलो. मेनस्विच तसाच भिंतीवर होता, कशालाच न जोडलेला. त्यातून दोन्ही फ्यूज उपसले आणि त्याच्या तळहातावर ठेवले. त्यानं मूठ मिटली. दगडावर बसला. मी हँडल मारलं.

आता दर रविवारी येतो. चहा घेतो, पंचशीलाशी सरजाबाईच्या दुखण्याचं बोलतो, सिद्रामप्पाला शिव्या देतो. झालेल्या गोष्टीचं बोलत नाही. पण इंजिन लावायच्या आधी डावा हात पुढं येतो. पोलपासून माझ्या घरापर्यंत वायरच नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

डिझेल तोडलं की तो चाकांकडं बघत राहतो. ती फिरतात, मंद होतात, शेवटचा अर्धा फेरा घेऊन मागं येतात आणि थांबतात. मग तो उठतो आणि एक एक करून दोन्ही फ्यूज माझ्या हातावर ठेवतो.

ते गरम असतात. मुठीत धरून ठेवल्यामुळं.