विंगेतली खुर्ची

नाटक चालू असताना नटाला वाक्य आठवेनासं झालं, की विंगेच्या अंधारातून ते हळूच पुरवणारा एक माणूस असतो. त्याला प्रॉम्प्टर म्हणतात. मुंगीचा बाबा बावीस वर्षं हेच काम करत होता. रंगमंचावरची शांतता तीन आकडे टिकली तर प्रेक्षकांना कळतं, पाच टिकली तर नटाला घाम फुटतो, हा त्याचा हिशेब. सातपर्यंत त्यानं कुणाला जाऊच दिलं नव्हतं. मोठमोठे नट त्याच्या ओंजळीनं पाणी प्यायले आणि टाळ्या घेऊन घरी गेले. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा, न विचारताही सांगायचा.

मग साथ आली. नाट्यगृहाला कुलूप लागलं आणि मुंगीची शाळा संगणकाच्या पडद्यावरून घरात येऊन बसली. मुंगी म्हणजे त्याची सहा वर्षांची लेक, पहिलीतली. तिची आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला, तिला घरी राहून चालण्यासारखं नव्हतं. दारात चपला घालता घालता तिनं नवऱ्याला बजावलं, "नऊला वर्ग सुरू होतो. तिच्याजवळ बसायचं. नुसतं बसायचं हं!"

"मग मी आणखी काय करणार आहे?" तो म्हणाला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि हा तर चांगला धडधाकट होता. पहिल्याच दिवशी त्यानं खुर्ची कुठं मांडावी? मुंगीच्या डाव्या हाताला, कपाटाच्या उघड्या दाराआड. तिथून मुंगीला तो दिसायचा, कॅमेऱ्याला दिसायचा नाही. बाई पडद्यावर आल्या, म्हणाल्या, "सांग बरं, कोंबडीला पाय किती?" मुंगी विचार करायला लागली. एक, दोन, तीन... हा खुर्चीच्या कडेवर सरकला. चार आकडे झाले आणि याचे ओठ हलले. "दोन," मुंगी म्हणाली. "शाब्बास!" बाई म्हणाल्या. झालं, वाघाला रक्ताची चटक लागली.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं रीतसर संहिताच लिहायला घेतली. बाई पालकांच्या ग्रुपवर आदल्या दिवशी धडा कळवत. त्यावरून कोणते प्रश्न येतील हे ताडून हा ठळक अक्षरात उत्तरं काढी आणि संध्याकाळी तालीम घेई. मुंगीही बापाची लेक. चार दिवसांत ओठांवरून वाक्य उचलायला शिकली. कुठं थांबायचं, कुठं आठवल्यासारखं करायचं, कुठं डोकं खाजवायचं, सगळं तिला जमलं. एक वाचणं सोडून. पण त्याची गरज कुणाला होती? धडा पाठ होता, बोट ओळीवरून फिरत होतं, पान बाबा खूण करील तेव्हा उलटत होतं.

बाकीच्या चौकटींमधला कारभार पाहून मात्र त्याचा जीव जळायचा. एका घरात टेबलाखालून आईचा आवाज यायचा, "सात म्हण रे, सात!" आणि पोरगा म्हणायचा, "सात म्हण रे, सात." एकीकडे कुणा आजोबांचा हात पडद्यात शिरून पाटी धरायचा, तीही उलटी. एका मावशीनं तर भाचीला चिमटा काढला, आणि उत्तराऐवजी सगळ्या वर्गाला भोकाड ऐकू आलं. "हौशी लोक!" तो कपाटाआड पुटपुटला. "तालमीशिवाय उभे राहतात."

महिन्याभरात मुंगीचं नाव झालं. ग्रुपवर बायाबापड्या विचारू लागल्या, तुम्ही मुलीला आधार देता तरी कसा? सुशिक्षित माणसाला अशा प्रश्नापुढं नम्र राहता येत नाही. शनिवारी त्यानं सगळ्या पालकांसाठी पडद्यावरून व्याख्यान ठेवलं. इस्त्रीचा सदरा घालून तो पाऊण तास बोलला. मुलाला आत्मविश्वास द्या, म्हणाला. त्याच्या जागी तुम्ही बोलू नका, म्हणाला. मूल चुकलं तर चुकू द्या, असंही म्हणाला, आणि हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्यानं ते दोनदा घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. पण कोरड्या पाषाणाला टाळ्या मिळाल्या, बावीस वर्षांतल्या पहिल्या. त्या रात्री तो दोन घास जास्त जेवला.

सोमवारी बाईंचा निरोप आला. बुधवारी त्या एकेका मुलाशी एकट्याशीच बोलणार, वाचून घेणार. पालकांनी खोलीबाहेर थांबायचं, दार लावायचं, कपाटंसुद्धा बंद ठेवायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा वेगळा गट करून अक्षरांपासून पुन्हा सुरुवात करणार.

"कपाटंसुद्धा?" बायको म्हणाली. "कपाटाचं काय मध्येच?"

"बाईंची आपली एकेक तऱ्हा," तो म्हणाला आणि संहिता उशीखाली सरकवली.

दोन दिवस त्यानं मुंगीकडून बदकाचा धडा घोटून घेतला. बाई तोच देणार याची त्याला खात्री होती. बुधवारी दार लागलं. तो बाहेर बोळात, कान दाराला लावून उभा. आत बाई म्हणाल्या, "हं, हे पान वाच बरं." आणि मुंगी खणखणीत सुटली. बदक तळ्यात उतरलं, बदकाची पिल्लं मागोमाग उतरली, बदक म्हणालं, या या, पाणी छान आहे! स्वल्पविरामसुद्धा चुकला नाही. याची मान आपोआप डोलू लागली.

"छानच," बाई म्हणाल्या. "फक्त मी दाखवतेय ते पान सुताराचं आहे. बघ, त्याच्या हातात करवत आहे."

बाहेर याची डोलणारी मान थांबली. बाई मात्र रागावल्या नाहीत. पुस्तक मिटल्याचा आवाज आला. "राहू दे. आपण गप्पा मारू. तुला काय करायला आवडतं?"

एक. दोन. तीन. हे तर सोपं होतं! या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही की चूक उत्तर नाही, काहीही म्हटलं तरी चालतं. चार. पाच. सहा. त्याचे ओठ दाराच्या लाकडापाशी हलले, पण लाकडाला काय वाचता येणार?

"बाई," मुंगी म्हणाली, "बाबा बाहेर आहेत. विचारून सांगू?"

दार उघडलं. मुंगी समोर उभी राहिली, मान वर करून, नेहमीसारखे त्याच्या ओठांवर डोळे लावून. "बाबा, मला काय आवडतं?"

शेकडो नाटकं तोंडपाठ असलेला माणूस तो. पण ही संहिता त्याच्याकडं नव्हती. त्यानं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की त्याला माहीत नाही. घरात महिनाभर हातभर अंतरावर बसून त्यानं लेकीला एकदाही हे विचारलं नव्हतं. त्याला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

"मला नाही गं माहीत," तो म्हणाला. "तूच सांग बाईंना. मी नाही ऐकत."

ऐकणार नाही कसला! दार लागलं, कान चिकटला. सात आकडे झाले. दहा झाले. त्यानं हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं. अठराव्या आकड्याला मुंगी बोलली.

"मला बाबांच्या खुर्चीवर बसायला आवडतं. कपाटामागं. तिथं बसलं की कुणी काही विचारत नाही."

बाई म्हणाल्या, "उद्या अक्षरांच्या गटात ये हं. मी वाट बघते."

दुसऱ्या दिवशी बायकोला सुट्टी होती. खुर्ची स्वयंपाकघरात आलेली पाहून तिनं भुवई उंचावली, पण विचारलं काही नाही. नवरा त्याच खुर्चीवर बसून कांदा चिरत होता. मधलं दार अर्धं लोटलेलं होतं. अक्षरं झाली, मग गणित आलं.

"पाच आणि तीन किती?" बाईंचा आवाज आला.

याचे ओठ कांद्याला उत्तर सांगू लागले. सात आकडे झाले, दहा झाले, अकरा.

"नऊ!" मुंगी ओरडली. इतक्या मोठ्यानं तिला बोलताना त्यानं महिन्याभरात ऐकलं नव्हतं.

"अहो, चुकली की!" बायको उठली.

"बस," त्यानं तिचा हात धरला.

"बोटांवर मोज बरं पुन्हा," तिकडं बाई म्हणाल्या. पुन्हा शांतता पडली. त्यानं सुरी खाली ठेवली, दोन्ही ओठ दाताखाली घट्ट धरले आणि तोही आपल्या बोटांवर मोजू लागला.